आधी बरणी, मग फ्रीजर

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, जळगाव, धुळे आणि नंदुरबार
तसेच वैद्यकीय शिक्षण विभागातील संबंधित अधिकारी

स. न. वि. वि.

उणे ८० अंशांचा फ्रीजर कुठे बसवायचा, याची चर्चा हल्ली आपल्याकडच्या डॉक्टरांत वरचेवर होते. कुणाला कॅन्सरच्या गाठींची टिशू बँक, म्हणजे काढलेले तुकडे संशोधनासाठी जपून ठेवणारी पेढी, हवी आहे, कुणाला सिकलसेलवर संशोधन करायला नमुने साठवायचे आहेत, तर कुणाला ऑपरेशन चालू असतानाच रिपोर्ट देणारं फ्रोझन सेक्शन. तिन्ही मागण्या रास्त आहेत आणि तिन्हींना माझा पाठिंबा आहे. मी जळगाव जिल्ह्यात पॅथॉलॉजीची लॅब चालवते, म्हणजे लोकांच्या भाषेत 'तुकडा तपासणारी डॉक्टरीण'. रावेर-यावलपासून अमळनेर-पारोळ्यापर्यंतचे तुकडे माझ्या टेबलावर येतात. त्या टेबलावरून जे दिसतं ते सांगायला हे पत्र. फ्रीजर ही सगळ्यात शेवटची पायरी आहे आणि आपली चर्चा मात्र तिथूनच सुरू होते. शरीरातून निघाल्यावर पहिल्या अर्ध्या-एक तासात तुकड्याचं जे व्हायचं ते होऊन जातं. तेव्हा बिघडलेला तुकडा उणे ८० काय, उणे १९६ अंशांत ठेवला तरी सुधारत नाही. बिघडलेलाच जपला जातो.

तुकडे येतात कसे, ते आधी ऐका. लोणच्याची धुतलेली बरणी, प्रोटीन पावडरचा डबा, मान कापलेली सलाइनची बाटली, सगळं येतं. अख्खं गर्भाशय अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेलं असतं. मऊ होतं तेव्हा आत गेलं, फॉर्मलिनने कडक झाल्यावर बाहेर निघत नाही, म्हणून आमचा टेक्निशियन बाटलीच कापतो. आत फॉर्मलिन बोटभर. खालचा भाग त्यात बुडालेला, वरचा कोरडा आणि हिरवट-काळा पडलेला. चिकटपट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं नाव सांडलेल्या फॉर्मलिनने पुसून गेलेलं असतं, उरतं ते 'बाई' आणि वय. सोबतच्या फॉर्मवर गाठ कोणत्या बाजूच्या स्तनातली, आधी कीमो झाली होती का, यातलं काही नाही. मागच्या बाजूला कुणाचा तरी मोबाइल नंबर असतो. तो लागला तर ठीक.

यात ओटीतल्या सिस्टरचा किंवा मावशीचा दोष काढायचा नाही. तिला कुणी कधी सांगितलेलंच नसतं. सर्जनचं लक्ष टेबलावरच्या पेशंटकडे असतं, आणि असायलाच हवं. तुकडा ट्रेमध्ये पडून राहतो, नातेवाइकांना दाखवायला बाहेर नेला जातो ('ही बघा गाठ'), मग कुणीतरी बाटली शोधायला जातं. रक्तपुरवठा तुटला की पेशी आपल्याच रसांनी स्वतःला पचवायला लागते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हे काम किती झपाट्याने होत असेल याचा अंदाज तुम्हाला मी सांगायला नको.

फॉर्मलिनचं गणित अवघड नाही. ते ऊतीत तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं. मुठीएवढी गाठ न कापता टाकली, तर दुसऱ्या दिवशी बाहेरून शिजलेली आणि आतून कच्ची निघते. फॉर्मलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. १० टक्के न्यूट्रल बफर्ड हवं, म्हणजे बाजारात मिळणारं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड दहापट पातळ करून त्यात फॉस्फेटचे क्षार घातलेलं. हे क्षार न घालता नुसतं नळाचं पाणी ओतलं, की हळूहळू त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं आणि रक्ताळलेल्या तुकड्यात काळपट तपकिरी कण बसतात. एवढं सगळं पाळलं तर तो तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षं टिकतो, तोही साध्या कपाटात, विजेशिवाय.

याचा पेशंटशी संबंध काय, ते स्तनाच्या कॅन्सरवरून सांगते. गाठीच्या पेशींवर ईआर आणि पीआर हे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणारी प्रथिनं, आहेत की नाहीत, हे पाहून पुढची औषधं ठरतात. त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष स्पष्ट आहेत: गाठ काढल्यापासून एक तासाच्या आत ती कापून फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे, आणि फॉर्मलिनमध्ये किमान ६ तास, कमाल ७२ तास राहिली पाहिजे. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं, बरणी सोमवारी एसटीच्या पार्सलने निघाली आणि मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे पोचली, तर ७२ तास उलटून गेलेले असतात. वर आतला भाग सडलेला. मग ईआर 'निगेटिव्ह' येतो. तो खरोखर निगेटिव्ह की बरणीने निगेटिव्ह केला, हे सांगायला माझ्याकडे काहीच उरत नाही. निगेटिव्ह लिहिलं की त्या बाईला टॅमॉक्सिफेन मिळत नाही. टॅमॉक्सिफेन हे कॅन्सरच्या औषधांतलं अगदी स्वस्त औषध, अनेक वर्षं रोज घ्यायची गोळी, आणि ज्यांना ती लागू पडते त्यांचा कॅन्सर उलटण्याचा धोका ती बराच कमी करते. बरणीवर 'काढला: ११.२०, फॉर्मलिनमध्ये: ११.४०' एवढ्या दोन वेळा लिहिलेल्या असत्या, तर निदान रिपोर्ट वाचणाऱ्याला सावध तरी करता आलं असतं. खान्देशातून माझ्याकडे येणाऱ्या बरण्यांवर अशा वेळा लिहिलेल्या सहसा नसतातच.

आता याच्या उलटं. मानेतली गाठ, टीबीचा संशय. सगळीच्या सगळी फॉर्मलिनमध्ये टाकून मोकळे. फॉर्मलिनने जंतू मरतात, त्यामुळे कल्चर होत नाही आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, हे कळायचा चांगला रस्ता बंद होतो. अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवला असता तर तो सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) गेला असता. किडनीच्या बायोप्सीतही तसंच: सुईने काढलेला एक धागा फॉर्मलिनमध्ये, दुसरा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने अँटिबॉडी शोधणारी तपासणी) मिशेलच्या द्रावणात, म्हणजे त्यासाठीच्या खास जपणूक द्रवात. फॉर्मलिन लागलं की ती तपासणी नीट होतच नाही. स्नायूचा तुकडा तर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून, बर्फावर ठेवून, ताजाच्या ताजा पोचावा लागतो. तो गोठवूनच तपासतात. म्हणजे कोणता तुकडा कशात जाणार हे सुरी लावण्याआधी ठरलं पाहिजे. फोन एका मिनिटाचा आहे. सर्जन मित्रांनो, हे पत्र अधिष्ठातांना लिहिलंय खरं, पण हे वाक्य तुमच्यासाठी.

थंडीबद्दलचे गैरसमजही कमी नाहीत. मुंबईला न्यायचा मेणाचा ब्लॉक नातेवाईक थर्मासमध्ये बर्फ भरून नेतात. त्याला बर्फाची काही गरज नसते, फक्त उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, कारण ते मेण ६० अंशांच्या आतच वितळतं. उलट ज्या तुकड्याला थंडी हवी तो शर्टाच्या खिशातून येतो. एका छोट्या दवाखान्यातून तर 'फॉर्मलिन संपलं होतं, म्हणून फ्रीजरमध्ये ठेवला' अशा चिठ्ठीसह स्तनाची गाठ आली होती. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण बामणोदच्या भरताच्या वांग्याची फोड रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून सकाळी बाहेर काढून बघा, पाणी सुटून ती लिबलिबीत झालेली असते. सावकाश गोठताना पेशीतल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि ते पेशी आतून फाडतात. मायक्रोस्कोपखाली त्या गाठीत जागोजाग भोकं दिसत होती. कॅन्सर आहे एवढं सांगता आलं, बाकी काही नाही.

म्हणून प्रयोगशाळेत तुकडा गोठवतात तो क्षणार्धात. स्फटिक वाढायला वेळच द्यायचा नाही. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो, तरी तुकडा थेट त्यात बुडवणं नेहमी बरं नसतं. तुकड्याभोवती लगेच वाफेचं वेष्टण तयार होतं आणि थंडी आत शिरायला वेळ लागतो. यावर उपाय म्हणून आयसोपेंटेन नावाचं द्रव नायट्रोजनमध्ये धरून थंड करतात आणि तुकडा त्यात सोडतात. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठा नको. मग तो छोट्या नळीत, आणि नळी उणे ८० च्या फ्रीजरमध्ये किंवा त्याहून खाली, नायट्रोजनच्या वाफेत. हा एवढा खटाटोप कशाला, तर फॉर्मलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना जखडून टाकतं, डीएनएचे तुकडे करतं. जनुकांचा निरोप वाहणारा आरएनए तर फारच नाजूक. गाठीतले जनुक कसे वागतात हे नीट वाचायचं असेल तर गोठवलेल्या तुकड्याला तोड नाही. पण नळीवर 'काढल्यानंतर किती मिनिटांनी गोठवला' हे लिहिलेलं नसेल, तर तिच्या भरवशावर कुणीही गंभीर संशोधक निष्कर्ष काढणार नाही. पुन्हा त्या पहिल्या अर्ध्या तासावरच येतो आपण.

फ्रोझन सेक्शनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे साठवायचं नसतं, लगेच वाचायचं असतं. १९०५ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन या डॉक्टरांनी ही पद्धत रुळवली. पेशंट टेबलावर असतानाच गाठ काय आहे ते कळलं पाहिजे, असा सर्जन विल्यम मेयो यांचा आग्रह होता. मिनेसोटातली कडाक्याची थंडी. विल्सननी तुकडे खिडकीबाहेर ठेवून गोठवले, त्यांचे पातळ काप काढले आणि मिथिलीन ब्लूने रंगवले. आपल्याकडे खिडकीबाहेर ठेवलेल्या तुकड्याचं काय होईल ते सांगायला नको, म्हणून आपल्याला क्रायोस्टॅट लागतो: उणे २० अंशांची पेटी आणि आत काप काढणारं पातं. तुकडा पोचल्यापासून वीसेक मिनिटांत उत्तर.

आपल्या भागात याची सगळ्यात मोठी गरज तोंडाच्या कॅन्सरला आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. टपऱ्यांवर काय मिळतं ते आपण सगळे जाणतो. जबडा काढून झाला, टाके घातले, आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला की कडेला अजून कॅन्सर आहे. मग पेशंट पुन्हा टेबलावर, नाहीतर मुंबईला. कडा टेबलावरच तपासल्या असत्या तर सर्जनने तेव्हाच थोडं पुढे कापलं असतं. थायरॉइड, अंडाशयातल्या गाठी, स्तनाचा कॅन्सर पसरताना आधी जिथे पोचतो ती काखेतली पहिली गाठ, लहान मुलांच्या आतड्यातल्या मज्जापेशी, अशा बऱ्याच ठिकाणी याचा उपयोग आहे. पण मशीन आलं म्हणजे फ्रोझन आलं, असं नाही. हाडाचा तुकडा यात कापला जात नाही, चरबी नीट गोठत नाही. टीबीची गाठ न ओळखता यात घातली तर कापताना उडणारे कण टेक्निशियनच्या छातीत जातात, आणि टीबीच्या गाठी आपल्याकडे काही कमी नाहीत. मुख्य म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तिथे बसलेला, वीस मिनिटांत हो किंवा नाही म्हणण्याची जबाबदारी घेणारा पॅथॉलॉजिस्ट लागतो आणि त्याच्याजवळ हात बसलेला टेक्निशियन. पद मंजूर न करता क्रायोस्टॅट पाठवाल, तर चार वर्षांनी तो प्लास्टिकच्या कव्हरमध्ये सापडेल.

द्रव नायट्रोजन खान्देशात कुठून आणणार, असं मला एका बैठकीत विचारलं गेलं. अहो, तो इथे केव्हाचाच आहे! कुठल्याही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कोपऱ्यात ॲल्युमिनियमची टाकी असते. झाकण उचललं की पांढरी वाफ उठते आणि आत लांब दांड्याच्या कॅनिस्टरमध्ये गोठवलेल्या रेताच्या बारीक नळ्या असतात. त्याच टाकीची लहान आवृत्ती मोटारसायकलला बांधून रेतन करणारा माणूस शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत जातो. गाई-म्हशींसाठी उणे १९६ अंश गावोगाव फिरतात, वर्षानुवर्षं, पुरवठा न तुटता. माणसाच्या तुकड्यासाठी ते कुणी मागितलेच नाहीत, एवढंच. पशुसंवर्धन विभागाची गाडी ज्या दिवशी जिल्ह्याला नायट्रोजन भरते, त्याच दिवशी महाविद्यालयाचीही टाकी भरली जाईल अशी व्यवस्था दोन विभागांत एका पत्रव्यवहाराने होऊ शकते. फक्त ती टाकी बंद खोलीत ठेवू नका. एक लिटर द्रवाचा जवळपास सातशे लिटर वायू होतो, तो खोलीतला ऑक्सिजन बाहेर ढकलतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. हवेशीर जागा आणि भिंतीवर ऑक्सिजनचा सेन्सर हा खर्च कुणी 'नंतर बघू' म्हणून कापू नये.

विजेचं काय? दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी भुसावळहून दिसते आणि तिच्या सावलीतल्या गावांतही लाइट जाते, यावर विनोद करून आम्ही थकलो. पण वीज न जाणाऱ्या देशांतही काय झालं ते बघा. २०१२ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलच्या मेंदूपेढीत एक फ्रीजर बंद पडला. बाहेरचा आकडा उणे ७९ दाखवत राहिला, अलार्म वाजलेच नाहीत, आणि सुमारे दीडशे मेंदूंचे नमुने वितळले. त्यातले पन्नासहून अधिक ऑटिझमवरच्या संशोधनासाठी दान मिळालेले होते. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकमध्ये उलटा प्रकार झाला. अलार्म वाजत होता, दुरुस्तीची वाट पाहत होते, तशी सूचनाही दारावर होती. सफाई करणाऱ्याने त्या आवाजाला कंटाळून ब्रेकर पाडला. तापमान उणे ३२ वर आलं आणि वीसहून अधिक वर्षांचं संशोधन गेल्याचं सांगत संस्था कोर्टात गेली. २०२३ च्या नाताळात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत नायट्रोजनचाच पुरवठा तुटला आणि ल्युकेमियाच्या पेशंटांचे कित्येक वर्षांचे नमुने नष्ट झाले. तिन्ही ठिकाणी यंत्रांची कमतरता नव्हती. सुट्टीच्या दिवशी, रात्री दोन वाजता, फोन कुणाला जातो आणि तो माणूस येतो का, हा खरा प्रश्न असतो. कोविडमध्ये आपल्या सरकारी लॅबमध्ये आरटीपीसीआर सुरू झालं तेव्हा रात्रपाळ्या लावून हे सगळं आपण केलेलं आहे. तेव्हा जमलं, कारण तेव्हा कलेक्टरचा फोन रोज यायचा. आता तो येणार नाही, म्हणून जनरेटर, दुसरा रिकामा फ्रीजर आणि देखभालीचा करार हे खरेदीच्या फायलीतच पाहिजेत, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये नकोत.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते. अमळनेरकडच्या एका आजोबांनी रिपोर्ट घेताना विचारलं होतं, "डॉक्टरबाई, मना तुकडा कथा शे?" (माझा तुकडा कुठे आहे?) त्यांना तो कपाटात नेऊन दाखवला: गुलाबी प्लास्टिकच्या कॅसेटवर, मेणात, पेन्सिलने घातलेला नंबर. (पेन्सिलनेच, कारण तुकडा तयार करताना लागणाऱ्या झायलीन या द्रवात शाई टिकत नाही.) एवढ्याने त्यांचं समाधान झालं. उरलेला भाग पिवळ्या पिशवीतून जाळायला गेला, हेही सांगितलं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे तो तसाच जातो. बँक झाल्यावर हाच प्रश्न येईल तेव्हा उत्तर काय देणार? तुमचा तुकडा गोठवलाय, तो दहा वर्षांनी कुणीतरी, कुठेतरी, कशासाठी तरी वापरेल, असं?

ऑपरेशनच्या संमतीपत्रात खाली कुठेतरी एक ओळ छापलेली असते: काढलेल्या भागाचा शिक्षण व संशोधनासाठी वापर करण्यास माझी हरकत नाही. रात्री अकरा वाजता, आत बाई कळा देतेय आणि बाहेर नवऱ्याचा अंगठा उमटतोय. याला संमती म्हणायला माझी जीभ धजत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुने आणि जैवपेढ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. नेमक्या एका संशोधनापुरती संमती, पर्याय निवडून द्यायची संमती, पुढच्या संशोधनासाठी व्यापक संमती, आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क, सगळं त्यात आहे. नवं काही शोधायची गरज नाही, जे आहे ते लोकांना कळेल अशा बोलीत सांगायचं आहे. धडगाव-मोलगीच्या माणसाला छापील मराठी वाचून दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे. पावरी, भिलोरी, मावची, अहिराणी या बोलींत रेकॉर्ड करून मोबाइलवर ऐकवता येतं. सांगणारी गावातली आशा किंवा परिचारिका असावी. 'नाही' म्हटलं तर उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही, हे पहिल्याच वाक्यात यावं. ऑपरेशनच्या आधी नको, घाई नसताना विचारा. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पेशंट चहा पीत बसलेला असताना विचारलं तरी चालतं. तोवर तुकडा निदानासाठी जपलेला असतोच, आणि 'नाही' म्हटला तर नळी पिवळ्या पिशवीत जाईल.

हे मी नंदुरबारसाठी विशेष करून लिहिते आहे. भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला तो १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत. आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत तो किती आहे, हे तिथे काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठरवलं गेलं. तपासणी झालीच पाहिजे. पण रक्त हीदेखील ऊतीच आहे, आणि उरलेलं रक्त गोठवून ठेवायचा मोह संशोधकाला होतोच. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई जमातीचं उदाहरण आपल्या प्रत्येक एथिक्स कमिटीने वाचावं. १९९० च्या सुमारास त्यांनी मधुमेहाच्या अभ्यासाला म्हणून रक्त दिलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनियावर आणि जमात मुळात कुठून आली यावरच्या संशोधनात वापरलं गेल्याचं त्यांना कळलं. त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचा उगम त्याच दरीत आहे. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने तडजोड करून भरपाई दिली आणि उरलेले नमुने जमातीला परत केले. त्या संशोधकांना वाटलं होतं की आपण सही घेतली आहे.

म्हणून बँकेची जी समिती होईल तिच्यात धडगाव-अक्कलकुव्यातली माणसं असू द्या, फोटोपुरती नाही, नमुना बाहेर द्यायचा की नाही यावर मत देणारी. लहान मुलाचा नमुना आई-बापांच्या संमतीने घेतला असेल, तर ते मूल अठराचं झाल्यावर त्याला पुन्हा विचारायची तरतूद ठेवा. नमुना नंबराने ओळखला जावा, आणि नंबर कुणाचा हे सांगणारी वही वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाच्या किल्लीखाली.

संशोधनाच्या नादात निदान बुडू नये, हेही इथेच सांगून टाकते. पीजीच्या विद्यार्थ्यांना थिसिससाठी ताजा तुकडा हवा असतो. ऑपरेशन थिएटरमध्येच गाठीचा एक कोपरा कापून घेतात आणि उरलेली गाठ आमच्याकडे येते. सर्जनने कुठे कापलं हे कळावं म्हणून आम्ही कडेला शाई लावतो, ती लावण्याआधीच गाठ कापली, की कडा मोकळी होती का याचं उत्तर कायमचं गेलं. बँकेसाठीचा तुकडा फक्त पॅथॉलॉजिस्टने कापायचा, निदानाला पुरेसं बाजूला काढून झाल्यावर, आणि उरलं तरच. गाठ लहान असेल तर बँकेला काही मिळणार नाही. हे लेखी नसेल तर पहिल्या वर्षीच भांडणं होतील.

मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये राष्ट्रीय ट्यूमर टिशू रिपॉझिटरी आहे, मद्रासच्या आयआयटीत राष्ट्रीय कॅन्सर टिशू बायोबँक आहे, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. आपण त्यांची नक्कल करायची गरज नाही. मोठी बँक उभारण्यापेक्षा त्यांच्याच पद्धतीने तुकडा गोळा करून जपणारं, त्यांच्याशी जोडलेलं छोटं केंद्र धुळ्यात किंवा जळगावात असलं तरी पुरे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जैवविज्ञान शिकणारी इथलीच मुलं त्यात काम करतील. आज एमएस्सी करून ती पुण्याच्या कंपन्यांकडे जातात.

ब्लॉकचा मुद्दा थोडक्यात. टाटात गेलेल्या प्रत्येक पेशंटला स्लाइड आणि ब्लॉक आणायला सांगतात. नंदुरबारचे पेशंट तापी लाइनच्या रेल्वेने सुरतला जातात, तिथेही तेच. लॅब बंद झाली, मालक वारला, जागा बदलली, की ब्लॉक भंगारात. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स ब्लॉक किमान दहा वर्षं ठेवायला सांगते. बंद होणाऱ्या खाजगी लॅबचे ब्लॉक ताब्यात घेणारं एक कपाट आणि एक रजिस्टर प्रत्येक शासकीय महाविद्यालयात ठेवलं, तर तीच खान्देशातली पहिली टिशू बँक ठरेल, एक युनिटही वीज न जाळता.

तेव्हा मागणी अशी आहे. फ्रीजरच्या निविदेआधी बरण्यांची निविदा काढा. रुंद तोंडाच्या, तीन मापांच्या, बफर्ड फॉर्मलिन भरलेल्या, वर वेळेचे दोन रकाने छापलेल्या बरण्या, आणि सोबत मिशेलच्या द्रावणाच्या छोट्या कुप्या. ग्रामीण रुग्णालयांना फुकट, खाजगी नर्सिंग होमना ना नफा ना तोटा दरात. फॉर्मलिन तयार करायला महाविद्यालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात फार काही लागत नाही, बाजारात मिळणारं फॉर्मल्डिहाइड, तराजू, पाणी, क्षार आणि एक टेक्निशियन. वर्षभर आलेल्या बरण्यांवरच्या वेळा वहीत उतरवा. एक तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये पडणाऱ्या गाठींचं प्रमाण वाढलेलं दिसलं, की क्रायोस्टॅट आणि पॅथॉलॉजिस्टचं पद एकाच आदेशात मागा, आणि फ्रीजर त्यानंतर.

ओटीतल्या सिस्टर आणि मावशींच्या प्रशिक्षणाला मी आणि तालुक्याच्या गावांतले माझे काही सहकारी यायला तयार आहोत, मानधन नको. चोपड्यापासून सुरुवात करायची की शहाद्यापासून, ते तुम्ही ठरवा. तारीख मात्र मार्चच्या आधीची कळवा. एप्रिल-मेमध्ये बरण्या सगळ्यात लवकर खराब होतात.

आपली नम्र,
एक पॅथॉलॉजिस्ट, जळगाव जिल्हा